घरच्या लॅपटॉपवरचं ऑफिसचं एक्सेल

रविवार, रात्री

नोकरी सोडताना नो-ड्यूजच्या कागदावर सगळ्या सह्या घेतल्या. आयडी कार्ड, ऑफिसचा लॅपटॉप, ड्रॉवरची किल्ली, सगळं परत केलं. घरच्या लॅपटॉपवर टाकलेल्या एक्सेलबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. आज एका किराणा दुकानाचं जीएसटीचं काम घेऊन बसले, तर एक्सेल नेहमीसारखं उघडलं. अकाउंटच्या पानावर लायसन्स कुणाचं ते दिसतं. तिथे माझा ऑफिसचा ईमेल होता, म्हणजे जो आता माझा नाही तो.

मैत्रीण म्हणाली, "अगं, चालतंय तोवर वापर. आयटीवाले बंद करतील तेव्हा बघू."

बंद तर होणारच. एक्सेल ज्यात येतं ते मायक्रोसॉफ्ट ३६५ एका माणसाला ५ कॉम्प्युटरवर टाकता येतं, म्हणून कंपनीने घरीही टाकू दिलं होतं. लायसन्स काढून घेतलं की फायली फक्त वाचता आणि छापता येतात, बदल करता येत नाही. पण ते कधी बंद होईल याची वाट बघत कशाला बसायचं? दुकानदाराकडून फी मी घेणार आणि एक्सेलचे पैसे जुनी कंपनी भरणार, हे मला पटत नाही.

जड गेलं ते मॅक्रोचं, म्हणजे एक्सेलमधलं काम आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचं. बँक स्टेटमेंट आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधलं लेजर जुळवणारा तो मॅक्रो मीच लिहिला होता, मार्चअखेरच्या धावपळीत, रात्री जागून. रक्कम जुळली पण चेक नंबर जुळला नाही, अशा ओळी तो पिवळ्या करायचा. वाटलं, हा तरी माझा. पण १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं १७वं कलम वाचलं. वेगळा करार नसेल तर नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला हक्क कंपनीचाच. याच कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम साहित्यकृतीत धरलाय. ते वाचून आधी छान वाटलं, मग जास्तच वाईट वाटलं.

जेवण झाल्यावर एक्सेल काढून टाकलं, मॅक्रोची फाइलही. लिबरऑफिस उतरवून घेतलं; ते मोफत आहे, धंद्यासाठीही चालतं आणि मेनू मराठीत करता येतो. मॅक्रो कोऱ्या पानावरून लिहायला घेतलाय. या खेपेला चेकच्या आधी यूटीआर नंबर, म्हणजे बँकेच्या प्रत्येक ऑनलाइन व्यवहाराचा वेगळा नंबर, जुळवायचा. या दुकानाच्या स्टेटमेंटमध्ये चेक फारसे नाहीतच, सगळं एनईएफटी आणि यूपीआय.