नाव झाकून वाचलेल्या प्रेमकथा : आमची वाटचाल

आमच्या व्यवसायाची सुरुवात सत्तरच्या दशकात माझ्या मामंजींनी बेळगावच्या शहापूर भागात, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत काढलेल्या लायब्ररीपासून झाली. १८४८ पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय गावात असताना खासगी लायब्ररीला कोण येणार, असे त्यांना अनेकांनी विचारले होते. मामंजींचे उत्तर व्यवहारी होते. मोठ्या वाचनालयात पुरुष मंडळी वर्तमानपत्रे आणि ग्रंथ वाचायला जात. दुपारी दोन ते चार या वेळेत घरातून बाहेर पडून कादंबरी बदलून आणणारी बाई मात्र जवळच्या गल्लीतलेच दार शोधत असे. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून गठ्ठे यायचे, ते सोडून प्रत्येक पुस्तकाला जाड पुठ्ठ्याची बांधणी आणि वर खाकी कव्हर घातले जाई, शेवटच्या पानावर तारखेची चिठ्ठी चिकटवली जाई आणि मगच पुस्तक फळीवर चढे. अनामत आणि महिन्याची वर्गणी भरली की एक कादंबरी व एक मासिक घरी नेता येत असे. कपाटातली निम्म्याहून अधिक जागा प्रेमकथांनी व्यापलेली होती, आणि लायब्ररी त्यांच्याच वर्गणीवर उभी राहिली हे मी अभिमानाने सांगते.

लग्न होऊन या घरात आल्यावर देवघेवीचे काम माझ्याकडे आले. पुरुषाने लिहिलेली प्रेमकथा आणि बाईने लिहिलेली प्रेमकथा यांत काही फरक असतो का, हा प्रश्न मला समीक्षेच्या पुस्तकांनी नव्हे, तर परत आलेल्या पुस्तकांनी शिकवला. लेखकाच्या कादंबरीत पहिल्या भेटीची, पावसाची, पत्राची पाने सैल झालेली असत. लेखिकेच्या कादंबरीत कोपरे दुमडलेले दिसत ते नवराबायकोच्या बोलाचालीच्या, माहेरी निघून जाण्याच्या आणि परत येण्याच्या पानांवर. कुणी तरी पेन्सिलीने हलकी रेघ मारलेली असे, ती बहुधा संवादाखाली. पुस्तक नेताना होणारी विचारणाही ठरलेली होती. "वहिनी, शेवटी जमतंय की नाही तेवढं आधी सांगा की," असे म्हणणाऱ्या अक्का आजही माझ्या डोळ्यांसमोर आहेत. त्यांना शेवट जमणारा हवा असे, आणि तसा शेवट लेखिकांकडे मिळण्याची शक्यता अधिक, हे त्यांनी अनुभवाने ताडले होते.

हा अंदाज केवळ मराठीपुरता नाही. इंग्रजीतही १९०८ साली स्थापन झालेल्या मिल्स अँड बून या संस्थेने पुढे ज्या प्रेमकथांवर नाव कमावले, त्या मुख्यतः बायकांनी बायकांसाठी लिहिलेल्या असून त्यांचा शेवट सुखाचा असतो, हा वाचकांशी केलेला करारच मानला जातो. पुरुषांच्या गाजलेल्या प्रेमकथांमध्ये मात्र दोघांपैकी एकाचा मृत्यू किंवा कायमचा वियोग फार वेळा येतो. पुरुष लेखकाला प्रेमाची थोरवी ते गमावण्यात दिसते आणि लेखिकेला ते टिकवण्यात दिसते, असे माझे मत आहे, आणि इतक्या वर्षांच्या देवघेवीनंतरही ते बदललेले नाही.

आपल्याकडे ना. सी. फडके यांनी प्रेमकथेला घाट दिला. 'प्रतिभासाधन' या १९३१ च्या ग्रंथात त्यांनी कथा-कादंबरीच्या तंत्राची बाजू हिरिरीने मांडली आणि त्यांच्या कादंबऱ्यांतही ती नेटकी रचना दिसते : रहस्य कुठे राखायचे, गैरसमज कधी उलगडायचे, नायिका वाचकासमोर प्रथम कोणत्या प्रकाशात आणायची, हे सारे त्यांनी विचारपूर्वक बसवलेले असते. त्यांची नायिका शिकलेली, चतुर आणि देखणी आहे. पण ती बहुतेक वेळा पाहिली जाते. तिच्या साडीचा रंग, केसांची बट, हसण्याची लकब आपल्याला नायकाच्या डोळ्यांनी कळते. याउलट १९३३ साली 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला आणि त्यातल्या शिकलेल्या, कमावत्या, अविवाहित मुली स्वतःच पाहू लागल्या. कमावत्या मुलीचे लग्न लांबणीवर टाकण्यात घराचा काय फायदा असतो, हे त्या कथांनी उघड बोलून दाखवले. समाजात एवढी खळबळ उडाली की ही बाई कोण याचा शोध सुरू झाला. त्या लेखिका म्हणजे मालतीबाई बेडेकर; त्यांना टोपणनाव का घ्यावे लागले, याचे उत्तर त्या खळबळीतच आहे. पुरुषाने प्रेमाविषयी लिहिले तर ती कल्पना समजली जाते आणि बाईने लिहिले तर ती कबुली समजली जाते. आमच्या काउंटरवरही "हे त्यांचंच असेल नाही?" हा प्रश्न लेखिकेच्या पुस्तकाविषयीच विचारला जात असे.

यमकनमर्डीत, म्हणजे आमच्याच जिल्ह्यात जन्मलेल्या कमल देसाई यांची पुस्तके आमच्याकडे कमी फिरली, कारण त्या वाचकाला सोपा दिलासा देत नाहीत. सुमती क्षेत्रमाडे, योगिनी जोगळेकर, शैलजा राजे यांची पुस्तके मात्र फळीवर फार काळ टिकत नसत. याच काळात 'मेनका', 'माहेर' यांसारख्या मासिकांनी लेखिकांच्या कथांना घराघरांत नेले होते. आमच्या सीमाभागात आणखी एक प्रवाह मिसळला, तो कन्नडचा. घरी मराठी आणि शाळेत कन्नड अशा वाढलेल्या मुली त्रिवेणी आणि साईसुते यांच्या कादंबऱ्या मागू लागल्या, म्हणून मामंजींनी कन्नडचे एक कपाट केले. १९६३ साली अवघ्या पस्तिशीच्या आत वारलेल्या त्रिवेणी मानसशास्त्र शिकलेल्या होत्या आणि स्त्रीच्या मनाचे आजारपण त्यांनी सहानुभूतीने लिहिले. दोन्ही भाषांतल्या लेखिका वाचणाऱ्या मुली मला सांगत की भाषा वेगळी असली तरी स्वयंपाकघर तेच आहे.

केबल टीव्ही आल्यावर लायब्ररीची वर्गणी घटत गेली. सीमाप्रश्न तापला की बस बंद होत आणि पुस्तकांचे गठ्ठे पलीकडे अडकून पडत, तोही भार होताच. दुकान बंद करण्याऐवजी आम्ही घरातच डीटीपी, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवण्याचे काम, सुरू केले, प्रथम लग्नपत्रिका आणि स्मरणिका केल्या, आणि त्या उत्पन्नावर पाचशे प्रतींच्या आवृत्तीने छोटेखानी प्रकाशन उभे केले. निपाणी, खानापूर, चंदगड, बेळगाव इथल्या लिहिणाऱ्यांच्या प्रेमकथा छापायच्या, एवढेच धोरण होते. हस्तलिखिते येऊ लागली तेव्हा मी एक पद्धत पाडली, जी आजही चालू आहे : वाचणाऱ्यांच्या हाती हस्तलिखित जाते ते पहिल्या पानावरचे नाव झाकून. वाचणाऱ्या आमच्याच जुन्या सभासद बायका आणि एक निवृत्त मास्तर आहेत. त्यांनी अभिप्रायासोबत लेखक बाई की पुरुष हा अंदाजही लिहायचा असतो.

या अंदाजांचा आधार बहुधा वर्णन नसते, वस्तू असतात. एका हस्तलिखितात नायिका निपाणीच्या स्टँडवर संध्याकाळी नायकाची वाट पाहत उभी होती. आभाळ, वारा, तिच्या पदराची सळसळ यांवर दीड पान खर्ची पडले होते आणि ते दीड पान खरोखर सुरेख होते. आमच्या वाचणाऱ्या काकूंनी समासात एवढेच लिहिले : "हिच्या पर्समध्ये किती पैसे आहेत? शेवटची बस चुकली तर ही कुठे जाणार?" लेखक तरुण शिक्षक होते. त्यांनी प्रकरण पुन्हा लिहिले. नायिकेने तिकिटाचे सुटे पैसे रुमालाच्या गाठीत वेगळे ठेवले, खानापूरच्या मावशीकडे जाते असे घरी सांगितले, आणि नायक आला तेव्हा ती आनंदली नाही, आधी रागावली. त्या रागानंतर आलेले प्रेम वाचकांना खरे वाटले. तेव्हापासून पर्सचा प्रश्न आमच्या संपादनातला पहिला प्रश्न ठरला. लेखिकांना तो फारसा विचारावा लागत नाही, कारण त्यांच्या नायिकेला वेळ, पैसा आणि परतीची वाट यांचा हिशेब असतोच. लेखिकांना आम्ही दुसरेच विचारतो : तुमचा नायक दिवसभर काय करतो? त्यांच्या कथांतला पुरुष समजूतदार असतो, रुबाबदार असतो, पण त्याचे काम, त्याची कर्जे, त्याचे मित्र आणि त्याची भीती पुष्कळदा धूसर राहते. आपण ज्याच्या जागी उभे राहिलो नाही त्याचे अंतरंग कल्पनेने भरून काढताना दोघेही त्याला हवे तसे घडवतात, आणि माझ्या मते फरकाचे मूळ तिथे आहे.

हे मूळ जन्मजात नाही, याचेही पुरावे आमच्या फळीवर आहेत. वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'त (१९५९) ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने स्वतः बोलतात. दोन स्त्रियांचा आवाज एका पुरुषाने काढला आहे, आणि शर्मिष्ठेची पाने वाचून डोळे पुसणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. आमच्या शेजारच्या कोवाडच्या रणजित देसाईंच्या 'स्वामी'त (१९६२) माधवराव आणि रमाबाई यांचे प्रेम लग्नानंतरचे, राज्याच्या कामातून आणि आजारपणातून वाट काढणारे आहे. शेवट मृत्यूचा असूनही ती कादंबरी बायकांनीच अधिक नेली. इंग्लंडमध्ये रॉजर सँडरसन या लेखकाने जिल सँडरसन या स्त्रीनावाने मिल्स अँड बूनसाठी प्रेमकथा लिहिल्या आणि त्या खपल्या. इंग्रजी मजकुरावर मोशे कॉपेल, श्लोमो अर्गामॉन या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या आरंभी संगणकाकडून लेखकाचे लिंग ओळखून घेतले, तेव्हा उत्तर सुमारे ८० टक्के वेळा बरोबर आले. स्त्रियांच्या लेखनात सर्वनामे अधिक आढळली, म्हणजे माणसामाणसांतले संबंध अधिक. मला मात्र उरलेल्या वीस टक्क्यांचे अधिक कौतुक आहे, कारण छापण्याजोगी हस्तलिखिते बहुधा त्यांतली असतात.

बेळगावकर म्हणून आणखी एका पुस्तकाचा उल्लेख करणे मला आवश्यक वाटते. ना. मा. संत आणि इंदिरा संत या पतिपत्नींच्या कविता १९४० साली 'सहवास' या एकाच संग्रहात आल्या. सहा वर्षांनी संत गेले, आणि इंदिराबाईंनी बेळगावात राहून पुढची कविता लिहिली; त्यांच्या 'गर्भरेशीम'ला १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दोघांनी एकाच पुस्तकात शेजारी शेजारी लिहिल्याचे हे उदाहरण मी नवोदितांना आवर्जून सांगते, आणि त्याच प्रेरणेने आम्ही एकेका कथेचे एक प्रकरण लेखकाने आणि पुढचे लेखिकेने लिहायचे अशी मालिका हाती घेतली आहे. पहिल्या पुस्तकात नायिकेने धारवाडची नोकरी स्वीकारावी की नाही यावर दोघांचे एकमत होत नव्हते. लेखकाला तिने प्रेमासाठी नोकरी सोडावी असे वाटत होते. लेखिकेचे म्हणणे होते की धारवाड बसने दोन तासांवर आहे, सोडायचे काय त्यात? शेवटी नायिका नोकरीवर रुजू झाली आणि नायक शनिवारी धारवाडला जाऊ लागला. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली आहे.

आता तरुण मुली फोनवर प्रतिलिपीसारख्या मंचावर रोज एक भाग लिहितात आणि वाचतात, आणि त्यांतल्या काहींची पुस्तके आम्ही छापली आहेत. लायब्ररी पुढच्या खोलीत अजून चालू आहे, कन्नडचे कपाटही आहे. नव्या मालिकेसाठी हस्तलिखिते दिवाळीनंतर स्वीकारली जातील. मजकुराच्या कोणत्याही पानावर नाव घालू नये. नाव, पत्ता आणि फोन वेगळ्या कागदावर लिहून तो बंद पाकिटात जोडावा. ते पाकीट वाचणाऱ्यांचे अभिप्राय हाती आल्यावरच आम्ही उघडतो.