सावनी सावंत

शनिवार, रात्री पावणेबारा

उद्या बारसं. घुगऱ्यांचे हरभरे भिजत घातलेत. पाळणा दुपारीच यायचा होता, पण हिंदमाताला पाणी तुंबल्यामुळे टेम्पो परळपर्यंत पोचायला संध्याकाळ झाली. आता हॉलच्या मधोमध तो रिकामा पाळणा उभा आहे आणि मी त्याच्या शेजारी बसून लिहितेय. घरात सगळे झोपलेत.

उद्या बाळाच्या कानात नाव मी सांगायचं. आत्या मी एकटीच. आणि गेले दहा दिवस त्या नावाला घरात विरोध होता तोही माझा एकटीचाच.

नितीन आणि रश्मीनं नाव ठरवलं सावनी. आडनाव आमचं सावंत. पंचांगात अक्षर 'प' निघालं होतं, ते नाव पत्रिकेपुरतं ठेवलं. रश्मी गाणं शिकलेली, तिला सावनी कल्याण राग आवडतो, आणि मूल भर पावसात जन्मलं. एवढं पुरेसं होतं म्हणाली. मला ऐकताक्षणी धस्स झालं.

२४ वर्षं वर्गात हजेरी घेतेय मी. शाळेत आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवरही आडनावच आधी छापलेलं असतं. म्हणजे ही पोर शाळेत जाईल तेव्हा बाई रोज सकाळी हाक मारणार, 'सावंत सावनी'. वर्गाला एवढी चाल मिळाली की पुरते. पूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता, आडनाव राणे आणि नाव राणा. 'राणा राणे, गाई गाणे' हे पहिल्या आठवड्यात तयार झालं आणि वर्ष संपेपर्यंत चाललं. मी ओरडले, समजावलं, पालकांना बोलावलं. दुसऱ्या सत्रात त्याच्या वह्या तपासायला घेतल्या तर प्रत्येक वहीवरच्या लेबलवर नाव निळ्या पेनानं गिरवून गिरवून बुजवलेलं. नुसतं 'राणे' ठेवलेलं. एका वहीत तर तिथे कागद फाटला होता. तो फाटलेला कागद मी विसरले नाही.

हे सगळं मी नितीनला फोनवर सांगितलं. तो ऐकून घेतो, वाद घालत नाही, लहानपणापासून तसाच. म्हणाला, "ताई, तू ये घरी, मग बोलू."

मंगळवारी गेले. रश्मी आत बाळाला पाजत होती. नितीननं चहा ठेवला आणि म्हणाला, "तुला तुझ्या लग्नातलं तांदळाचं ताट आठवतं?"

आठवतं की. २००३ सालचं लग्न. माहेरचं नाव अनुराधा. ताटात तांदूळ पसरले, सोन्याची अंगठी हातात दिली आणि तांदळात नवीन नाव लिहायला सांगितलं. सासरी आधीच एक अनुराधा होती, म्हणून माझं सायली झालं. कोणी जबरदस्ती केली नाही, तेव्हा सगळ्यांकडे तसंच होतं. आईचंही तसंच झालं होतं. आईचं माहेरचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते मामाच्या तोंडून, दहा-अकरा वर्षांची असताना, आणि विचारलं होतं की मामा कोणाला हाक मारतोय.

नितीन तेव्हा पंधरा वर्षांचा होता. तो म्हणाला, "मी तुझ्या शेजारीच उभा होतो. तू लिहिलंस, सगळे हसले, फोटो काढले. मग कोणीतरी ताट उचललं, तांदूळ हलले आणि ते नवीन नावही गेलं. मला वाटलं, आता ताईचं नाव काय?"

बावीस वर्षांत हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं.

पुढचं त्यालाही ठाऊक आहे. माझी गुणपत्रिका अनुराधा सावंतची, पगार सायलीचा. सेवापुस्तकात नाव जुळवायला राजपत्रात नाव बदलल्याची नोंद छापून आणावी लागली. त्या पानाच्या झेरॉक्स अजून माझ्या कपाटात आहेत, विवाह नोंदणीच्या दाखल्याबरोबर एकाच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. बँक असो, पासपोर्ट असो, फोल्डर बरोबर. वास्तविक लग्नानंतर बाईनं आडनाव बदलायलाच हवं असा कायदा नाही, पहिल्या नावाचा तर प्रश्नच नाही. हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

"हिचं नाव आडनावात असं गुंतलेलं असू दे," नितीन म्हणाला, "की बदलायचं कोणाच्या मनात आलं तर त्यालाच दोनदा विचार करावा लागेल."

मी गप्प बसले. त्याचं म्हणणं पटलं, पण राणेची वही डोळ्यांसमोरून जाईना.

घरी आल्यावर रात्री बराच वेळ त्यावर विचार केला. शाळेत विज्ञान शिकवताना दर वर्षी गॅलिलिओ गॅलिली येतो आणि दर वर्षी कोणीतरी विचारतं, बाई, नाव दोनदा का? पंधराव्या शतकात फ्लॉरेन्समध्ये गॅलिलिओ बोनायुती नावाचे एक मोठे वैद्य होते. त्यांच्या नावावरून घराण्याचं आडनाव गॅलिली पडलं आणि १५६४ साली पिसात जन्मलेल्या मुलाला त्याच पूर्वजाचं नाव ठेवलं. तिथे नाव आणि आडनाव एकाच माणसाचं. आमच्याकडे तसंही नाही. सावंत आलं सामंतावरून आणि सावनी श्रावणावरून. दोन वेगळ्या घरचे शब्द आमच्या दारात शेजारी येऊन बसलेत.

आणि आपल्याकडे अशी नावं काय थोडी आहेत? शांता शेळके, गंगाधर गाडगीळ, बाबुराव बागूल, प्रभाकर पणशीकर. यांच्या नावांना कोणी चाल लावली नाही, उलट ती जिभेवर बसली. मला वाटतं याचं कारण असं की शांता आणि गंगाधर ही आडनावाशिवायही धड नावं आहेत. नुसतं आडनावाला जोडायला म्हणून पाडलेलं नाव आणि हे, यात फरक आहे. तो फरक कागदावर कळत नाही, हाक मारून कळतो.

म्हणून काल मी नितीनच्या गॅलरीत उभी राहिले आणि खाली अंगणात मुलं खेळत होती त्या दिशेनं हाक मारली, "सावनीऽऽ!" पावसातसुद्धा स्वच्छ गेली. 'सा'वर आवाज लांबवता येतो आणि 'नी'वर थांबता येतं. गॅलरीतून कोणी आडनाव घेऊन हाक मारत नाही. आतून आई म्हणाली, "नाव बरा आसा गे, कानाक गोड लागता." दहा दिवसांत आईनं मत दिलं ते हे एवढंच.

संध्याकाळी रश्मीनं नोंदणीचा फॉर्म दाखवला. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. नाव मागाहून घातलं तरी चालतं, वर्षभर त्याला शुल्क नाही. पण ह्यांना आत्ताच घालायचंय. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असा शासनाचा नियम आहे. रश्मीनं फॉर्मवर काळ्या पेनानं, एकेका चौकोनात एकेक अक्षर घालत लिहिलं होतं: सावनी रश्मी नितीन सावंत. त्या दोन 'साव'च्या मधे आई आणि बाप दोघंही बसलेत. मी ते तीनदा वाचलं आणि रश्मीला म्हटलं, "असू दे. हेच असू दे."

तिला कोणी चिडवेल का? चिडवेल, बहुतेक. तेव्हा मी असेन. वहीवरचं लेबल तिच्याबरोबर बसून मीच लिहीन.

रविवार, रात्र

बारसं झालं. 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' झालं, कुंची घातली, बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घातले आणि मी वाकून कुर्रर्र केलं. घरात ठरलं होतं की नुसतं सावनी म्हणायचं. पण तोंड कानाशी नेल्यावर माझ्याच्यानं नुसतं म्हणवेना. मी अख्खं नाव सांगितलं, आईचं, वडिलांचं, आडनावासकट. फार हळू, कोणाला ऐकू गेलं नाही. तिनं माझी हिरवी बांगडी मुठीत धरली होती, ती काही केल्या सोडेना. शेवटी बांगडी हातातून काढून तिथेच पाळण्यात ठेवली.