बाबांचं घड्याळ पळायला लागलं तेव्हा

बाबा गेल्यावर त्यांचं किल्लीचं घड्याळ मी वापरायला घेतलं. सकाळी देवापाशी दिवा लावला की ते किल्ली द्यायचे, मीही तसंच करते. गेल्या पावसाळ्यात ते एकाएकी पळायला लागलं. दिवसाला सात-आठ मिनिटं पुढे!

पहिल्या दुकानात सांगितलं, "हेअरस्प्रिंग गेली. मशीन खोलावं लागेल, पार्ट मिळेल याची खात्री नाही." माझा जीवच खालीवर झाला. नवरा म्हणाला, "अगं, उघडायच्या आधी अजून कुणाला तरी दाखव." त्याचं ऐकलं ते फार बरं झालं.

पेठेतल्या एका वयस्कर घड्याळजींनी मागचं झाकण उघडलंच नाही. खणातून छोटं होकायंत्र काढलं आणि घड्याळाशेजारी ठेवलं. सुई थरथरली आणि घड्याळाकडे वळून तिथेच हलत राहिली. "ताई, बिघाड नाही हा. चुंबक लागलंय."

हेअरस्प्रिंग म्हणजे केसासारखी बारीक, गोल गुंडाळलेली स्प्रिंग. ती उलगडते-मिटते त्या तालावर घड्याळ चालतं. जुन्या घड्याळांत ती लोह-निकेलच्या मिश्रधातूची असते. चुंबकत्व शिरलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि ताल वाढतो.

त्यांनी चुंबकत्व काढायची निळी डबी प्लगला लावली, घड्याळ वर धरलं, बटण दाबलं आणि घड्याळ हळूहळू वर उचलत हातभर लांब नेऊन मगच बटण सोडलं. डबीतलं चुंबकीय क्षेत्र सेकंदाला शंभरदा दिशा उलटवत असतं. घड्याळ लांब जाताना ते क्षीण होत जातं आणि स्प्रिंगमधलं चुंबकत्व त्याच्याबरोबर विरतं. नंतर टिकटिक मोजणाऱ्या यंत्रावर ठेवलं, तर घड्याळ पळत होतं म्हणून मघाशी चढ चढणारी पडद्यावरची रेघ सरळ आडवी झाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पण चुंबक लागलं कुठे? मी रेडिओलॉजिस्ट आहे. आमचं एमआरआय मशीन १.५ टेस्लाचं, म्हणजे १५,००० गॉस (टेस्ला आणि गॉस ही चुंबकीय क्षेत्राची मापं). सगळ्यांनी त्याच्यावरच बोट ठेवलं. घड्याळ मात्र मी रोज बाहेरच्या लॉकरमध्ये काढून ठेवते आणि मशीनचं क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने घटतं. खरा चोर उशाशी होता. रात्री मी घड्याळ टॅबलेटच्या कव्हरवर ठेवायची, आणि त्या कव्हरात चुंबकं होती. असलं चुंबक छोटं असलं तरी अगदी चिकटून हजार गॉसच्याही वर जाऊ शकतं. घड्याळावर 'अँटिमॅग्नेटिक' लिहायला लागणारी आयएसओ ७६४ या आंतरराष्ट्रीय मानकाची मर्यादा आहे ४,८०० अँपिअर प्रति मीटर, म्हणजे जेमतेम ६० गॉस!

तेव्हाच ठरवलं, रोजच्या धावपळीसाठी चुंबकाला दाद न देणारं यांत्रिक घड्याळ घ्यायचं. पैसे बरीच वर्षं साठवत होते. आधी मन रोलेक्सच्या मिलगॉसवर गेलं. फ्रेंचमध्ये 'मिल' म्हणजे हजार, म्हणून नावातच हजार गॉस. १९५६ चं हे घड्याळ शास्त्रज्ञांसाठी काढलेलं, जिनिव्हाच्या सर्न या अणुकणांच्या प्रयोगशाळेशी त्याचं नाव जोडलेलं. आत मऊ लोखंडाचं कवच असतं. पाटाने पाणी वळवावं तसं ते चुंबकीय क्षेत्र घड्याळाच्या आतल्या यंत्राला वळसा घालून नेतं. पण पाट भरला की पाणी आत येतंच, आणि मिलगॉसचं उत्पादन २०२३ मध्ये थांबलंय.

दुसरं ओमेगाचं रेलमास्टर. मूळचं १९५७ चं, त्यातही कवचच होतं. २०१७ ला नव्याने आलेल्या घड्याळाची वाट वेगळी. हेअरस्प्रिंग सिलिकॉनची, इतर नाजूक भागही चुंबकत्व न धरणाऱ्या धातूंचे. मग कवच हवंच कशाला? मला हे मनापासून पटलं. शत्रू अडवण्यापेक्षा त्याला पकडायला काही ठेवूच नये. स्विस मेट्रोलॉजी संस्था मेटास अशी घड्याळं १५,००० गॉसमध्ये घालून तपासते. दहा दिवस, आठ चाचण्या, आणि दिवसाला शून्य ते पाच सेकंद पुढे, एवढीच मुभा.

खरेदी सोपी होती. रक्कम दोन लाखांच्या वर, म्हणून पॅन कार्ड लागलं. कुणी घेणार असाल तर सोबतचं मेटासचं कार्ड मागून घ्या. त्यावरच्या क्रमांकाने त्याच घड्याळाचे चाचणीचे आकडे बघता येतात. मी ते दुकानातच पाहिले.

काळी, उभ्या रेषांनी घासलेली तबकडी, तारखेची खिडकी नाही. बाबांना आवडलं असतं. पाच महिने झाले, टॅबलेट आणि मोबाईल त्याच्या शेजारी खुशाल पडलेले असतात. एमआरआयच्या दाराशी मात्र हेही काढतेच. तिथला नियम माणसांसाठी आहे, तिथे कुठल्याही आकड्याची सबब चालत नाही.

बाबांचं घड्याळ आता लाकडी डबीत असतं, कव्हरापासून लांब. किल्ली अजून सकाळी दिव्यापाशीच देते, आणि रविवारी तेच हातात असतं.