आमची वाटचाल : टाकीत पेट्रोल किती ठेवायचं?

वर्कशॉप सुरू केलं तेव्हा आमचा धंदा लोकांच्या विसरभोळेपणावर चालायचा. मोसम संपला की माणसं डर्ट बाइक कोपऱ्यात लावायची, वर कापड टाकायची आणि पेट्रोलचा कॉक तसाच उघडा ठेवून निघून जायची. चार-सहा महिन्यांनी किक मारून मारून पोटऱ्या भरून आल्या की बाइक आमच्या दारात. कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, खोलावा तर त्याच्या पेट्रोलच्या वाटीच्या तळाला हिरवट-पिवळा चिकटा आणि पायलट जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक, गच्च बुजलेलं. आम्ही दोघे भाऊ. दादाचा हात इंजिनावर, माझा कार्बोरेटरवर. जेट उजेडाकडे धरून त्याच्या भोकातून पलीकडचं दिसतंय का, हे बघण्यात माझी पहिली काही वर्षं गेली.

उपाय सगळ्यांना सांगायचो, लपवाछपवी नव्हती. कॉक बंद करा, वाटीच्या खालचा स्क्रू सोडा, वाटीतलं पेट्रोल बाटलीत घ्या, झालं. पाच मिनिटांचं काम. करणारे थोडेच, म्हणून आमचं बरं चाललं होतं.

मग इंजेक्शन आलं, म्हणजे कार्बोरेटरऐवजी पंपाच्या दाबाने पेट्रोल फवारायची पद्धत. सुझुकीच्या आरएम-झेड ४५० ला २००८च्या मॉडेलपासून, होंडाच्या सीआरएफ ४५० आर आणि कावासाकीच्या केएक्स ४५० एफला २००९पासून, यामाहाच्या वायझेड ४५० एफला २०१०पासून. बघता बघता मोठ्या चार-स्ट्रोक मोटोक्रॉस बाइकवरून कार्बोरेटर गायब झाला. जेट नाही, वाटी नाही, तळाचा स्क्रू नाही. ‘आता काही बुजणारच नाही’ असं जो तो म्हणत होता आणि आम्हीही ते खरं मानलं. दादा तर दुसरा जोडधंदा शोधायला लागला होता.

त्या काळात एका नेहमीच्या गिऱ्हाइकाने त्याची नवी इंजेक्शनची बाइक आमच्याकडे ठेवायला दिली. तो बरेच महिने बाहेरगावी जाणार होता. आम्ही जुन्याच सवयीने वागलो. हातपंपाने टाकी उपसली, आणि लाइनमध्येही थेंब राहू नये म्हणून बाहेरून बॅटरी जोडून पंप चालवला. पेट्रोल संपल्यावर पंपाचा आवाज बदलला, किरकिरा झाला. तरी ‘अजून थोडं, अजून थोडं’ करत चालू ठेवला. टाकी कोरडी ठणठणीत झाली याचा केवढा आनंद! गिऱ्हाईक परत आला, नवं पेट्रोल भरलं, किक मारली. काही नाही. पंप जाम.

ती चूक पूर्णपणे आमची होती. पंप आम्ही आमच्या खर्चाने बदलून दिला आणि जुना उघडून बसलो. कार्बोरेटर आणि इंजेक्शन यांच्यातला खरा फरक त्या रात्री कळला. इंजेक्शनच्या बाइकमध्ये पंप टाकीच्या आत पेट्रोलमध्येच बसलेला असतो. त्याला थंडावा देणारं आणि वंगण पुरवणारं तेच पेट्रोल. कोरडा चालवला की तो आतून घासतो. शिवाय टाकी उपसली तरी पंपाच्या पोटात, जाळीत, होजमध्ये थोडं उरतंच. ते हळूहळू उडून जातं आणि मागे डिंकासारखा थर ठेवतं. पंपातली फट इतकी बारीक की एवढासा थरही पुरतो. वर दमट हवा आत शिरली की लोखंडी भागांवर तांबेरा धरतो. म्हणजे आम्ही त्याला आधी घासला, मग अर्धवट ओला ठेवून वाळवला.

यातल्या बऱ्याच मोटोक्रॉस बाइकना तेव्हा बॅटरीच नसायची. एका किकमध्ये जनरेटरने जेवढी वीज केली, तेवढ्यावर ईसीयू, म्हणजे इंजेक्शन चालवणारा छोटा संगणक, जागा व्हायचा, पंपाने दाब धरायचा आणि पेट्रोल फवारणारा इंजेक्टर उघडायचा. जड झालेला पंप टेबलावर बॅटरीला जोडला तर कुरकुरत का होईना फिरतो, पण किकच्या विजेवर हलत नाही, हे आम्ही पुढे कितीदा तरी पाहिलं. गिऱ्हाईक मात्र प्लग बदलत बसलेला असतो.

मग आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. काही उपसायचंच नाही, आहे तसं राहू द्या. त्यात अर्ध्या टाकीची एक बाइक आली. चालू होऊन लगेच बंद पडायची. टाकीच्या तळाचं पेट्रोल काचेच्या बरणीत घेतलं तर दोन थर! वर पेट्रोल, खाली गढूळसर पाणी. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी धरून ठेवतं, पण मर्यादेपर्यंतच. दहा टक्के इथेनॉल असेल तर साधारण तापमानाला लिटरमागे जेमतेम पाच मिलि. सहा लिटरच्या टाकीत हे सगळं मिळून दोन मोठे चमचे. त्याहून जास्त झालं, किंवा थंडीने पेट्रोल गार झालं, की पाणी आणि इथेनॉल एकत्र खाली बसतात. आणि पंपाचं तोंड तळालाच असतं! वर उरलेल्या पेट्रोलमधून इथेनॉल गेलेलं, म्हणजे त्याचा ऑक्टेनही, इंजिनात ठोके न देता जळायची ताकद, उतरलेला. एवढं पाणी आलं कुठून, यावर दादा आणि मी दोन दिवस भांडलो. हवेतून थोडं येतं, पण माझ्या मते मोठा वाटा प्रेशरच्या पाण्याचा. चिखल काढताना लोक फवारा थेट टाकीच्या झाकणावर आणि व्हेंटच्या, म्हणजे टाकीत हवा जायच्या, नळीवर मारतात. तेव्हापासून बाइक ठेवायला घेण्याआधी धुणं आम्हीच करतो.

‘टाकी भरून ठेवायची की रिकामी?’ हा वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही. पण वर्कशॉपची रीत ठरली आहे. कंपनीच्या पुस्तकात त्या मॉडेलसाठी जे लिहिलं असेल ते आधी. त्यानंतर बाइक किती दिवस उभी राहणार, हा प्रश्न. महिनाभराच्या आत निघणार असेल तर ताजं पेट्रोल भरून सोडून देतो. एक मोसम उभी राहणार असेल तर ताजं पेट्रोल, शक्यतो बिनइथेनॉलचं, त्यात मापाने स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर शिळं होऊ न देणारं औषध), आणि टाकी जवळजवळ भरलेली, म्हणजे आत हवा कमी. मग इंजिन दहा मिनिटं चालवायचं. हे चालवणं लोक गाळतात आणि तिथेच फसतात. नुसतं टाकीत ओतलेलं औषध टाकीतच राहतं, पंपापासून इंजेक्टरपर्यंत जुनंच पेट्रोल उभं असतं. स्टॅबिलायझर पेट्रोलचं जुनं होणं लांबवतो, शिळ्याचं ताजं करत नाही. हे रोज कोणाला तरी सांगावं लागतं.

त्याहून लांबचा मुक्काम असेल तर उपसतो, पण आधी औषध घातलेलं पेट्रोल पूर्ण लाइनमधून फिरवून घेतो, म्हणजे आत उरेल ते तरी चांगलं उरेल. उपसायची पद्धत आता अशी. इंजिन गार. पंपाचं कनेक्टर काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, त्याने लाइनमधला दाब उतरतो. या लाइनमध्ये तीन-साडेतीन बारचा दाब असतो. न उतरवता होज काढली तर पेट्रोल थेट डोळ्यात. होजला फडकं गुंडाळून क्लिप सोडायची. काही बाइकमध्ये त्या जोडाच्याच आत बोटाच्या पेराएवढी जाळी असते, ती याच वेळी बघून घ्यायची. मग हातपंपाची नळी टाकीच्या तोंडातून तळापर्यंत. तोंडाने ओढायचं नाही, कितीही अनुभवी असलात तरी. खाचेत शेवटचं पावशेर उरतं, त्यासाठी आम्ही टाकीच उतरवून कलती करतो. बॅटरी जोडून पंपाने उपसणं मात्र कायमचं बंद. पंप तर मरतोच, वर उघड्या पेट्रोलपाशी ठिणगीला आमंत्रण.

ठिणगीवरून आठवलं. काढलेलं पेट्रोल ठेवण्यात आम्ही दुसरी मोठी चूक केली, नशिबाने ती फार महागात पडली नाही. वीस लिटरचा डबा काठोकाठ भरून दाराशी ठेवला. दुपारी ऊन फिरून डब्यावर आलं. वीस अंशांचा फरक पडला तर वीस लिटर पेट्रोल चारशे मिलिच्या आसपास फुगतं. डबा टम्म झाला आणि झाकणाच्या सांध्यातून पाझरायला लागलं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड, ती वर जात नाही, फरशीवरून पसरते. त्याच खोलीच्या दुसऱ्या टोकाला दादा ग्राइंडर सुरू करणार होता. वास आधी मला आला. पेट्रोल शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपासही पेटण्याएवढी वाफ सोडतं, तेव्हा ‘आज गार आहे, काही होत नाही’ याला अर्थ नाही. त्या दिवसापासून डबे वेगळ्या, हवेशीर, सावलीतल्या खोलीत. डबा पेट्रोलसाठीच बनवलेला, पाण्याच्या बाटल्या अजिबात नाहीत. वर पाच टक्के जागा मोकळी. भरताना डबा जमिनीवर, गाडीत किंवा गालिच्यावर नाही, म्हणजे स्थिर वीज साठत नाही.

प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असते : कधी भरलं, औषध घातलं का, दोन-स्ट्रोकचं तेल मिसळलं आहे का. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण एका डब्यातलं तेल-मिश्रण दुसऱ्याच्या चार-स्ट्रोक टाकीत जायला एका गडबडीची सकाळ पुरते. साधं पेट्रोल घट्ट झाकणाच्या डब्यात सहा महिन्यांपर्यंत आम्ही वापरतो. रेसचं ऑक्सिजनयुक्त इंधन एवढं टिकत नाही, ते आम्ही ठेवायला घेतच नाही. डब्यातल्याला वार्निशसारखा वास आला किंवा रंग गडद झाला तर ते कोणत्याही बाइकमध्ये घालत नाही. गटारात तर नाहीच. धोकादायक कचरा घेणाऱ्यांकडे जातं, आणि त्याचा खर्च आमच्या बिलात धरलेला असतो. गिऱ्हाइकं त्यावर कुरकुर करतात, करू द्यावी.

इंजेक्शनने आमचा धंदा बुडवला नाही, तो फक्त मोसमाच्या दुसऱ्या टोकाला सरकला. पूर्वी बाइक उठवायला यायच्या, आता झोपवायला येतात. कार्बोरेटर साफ करायचं टेबल अजून आहे, त्यावर इंजेक्टर तपासायचं यंत्र ठेवलंय. उभ्या बाइकच्या रांगेत यंदा जागा कमी पडली म्हणून दादाने शेजारची खोली घेतली. जोडधंद्याचं नाव तो आता काढत नाही.

ज्याचा पंप आम्ही जाळला, तो गिऱ्हाईक अजून येतो. बाइक सोपवताना हॅंडल धरून ती दोन्ही बाजूंना हलवतो, टाकीत पेट्रोल डचमळलेलं ऐकतो, आणि मगच चावी... अर्थात या बाइकला चावी नसते, म्हणून नुसता हात हलवून निघून जातो.