बोकड, बलक आणि पीएच मीटर

एम.व्ही.एस्सी.ला (पशुवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीला) मला उस्मानाबादी बोकडाचं वीर्य गोठवण्याचा विषय मिळाला, तेव्हा वर्गातले म्हशीवाले मित्र खूश झाले. ही ब्याद त्यांच्या वाट्याला आली नव्हती ना! गाई-म्हशींच्या रेतमात्रांची कृती केव्हाच पक्की झालीय. ट्रिस (पीएच स्थिर ठेवणारं बफर), सायट्रिक आम्ल, फ्रुक्टोज, साधारण 20 टक्के अंड्याचा बलक आणि ग्लिसरॉल. तीच कृती बोकडाला जशीच्या तशी लावली की शुक्राणू तग धरत नाहीत. खोड बोकडाच्या वीर्यद्रवातच आहे. मूत्रमार्गालगतच्या बल्बोयुरेथ्रल ग्रंथींतून फॉस्फोलायपेज नावाचं विकर (एन्झाइम) येतं, ते बलकातलं लेसिथिन फोडतं आणि त्यातून तयार होणारं लायसोलेसिथिन शुक्राणूचं पटलच खराब करतं. थंडीपासून वाचवायला घातलेला बलक असा उलटा बाधतो.

"वाचलंस ते ठीक. मोजून दाखव," सर म्हणाले.

वीर्य घ्यायला मदतनीस मामा लागत. माजावरची शेळी खोड्यात उभी करायची, एव्हीत, म्हणजे वीर्य गोळा करायच्या कृत्रिम योनीत, गरम पाणी भरायचं, आतलं तापमान 40 ते 42 अंश ठेवायचं. मामा रबराला हात लावूनच सांगायचे, "गार आहे, चढणार नाही." थर्मामीटरनं त्यांना क्वचितच खोटं पाडलं. हाती यायचं जेमतेम एक मिली, पण दाट. मिलीला 200 ते 500 कोटी शुक्राणू. एवढ्याशातून पीएच, ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण), गणना, आणि उरलं ते गोठवायला.

पीएचनं मला बरंच झुलवलं. ताजं वीर्य 7 च्या जरा खाली असतं आणि ठेवलं की आकडा घसरत जातो, कारण शुक्राणू फ्रुक्टोज जाळून लॅक्टिक आम्ल करतात. पण बलकावर विकर चाललं की मेदाम्लं सुटतात, त्यानंही पीएच खालीच येतो. मग घसरण कोणामुळे? उपाय सरळ होता: सेंट्रिफ्यूज करून शुक्राणू काढून टाकायचे आणि नुसत्या द्रवात बलक मिसळून 37 अंशांवर ठेवायचं. फ्रुक्टोज जाळायला कोणी नाही, तरी मीटर खाली जात राहिला. त्या दिवशी विकर मला पहिल्यांदा खरं वाटलं.

मग वीर्यद्रवाबरोबर विकरही काढून टाकायला शुक्राणू धुणं आलं. ट्रिस बफर घालून फिरवायचं, वरचा द्रव ओतून द्यायचा, तळाच्या साक्यात बलकाचं द्रावण मिसळायचं. फुकट काहीच मिळत नाही: फिरवताना काही शुक्राणू वाया जातात, काही दुखावतात. बलक काढण्याचं कामही माझ्याकडेच. फिल्टर पेपरवर अलगद लोळवून पांढरं टिपून घ्यायचं, मग पापुद्रा टोचायचा. वसतिगृहात उरलेल्या पांढऱ्याची भुर्जी इतकी झाली की रूममेटनं अंडी सोडली.

नंतरचं ठरलेलं होतं. 5 अंशांवर चार तास, पाव मिलीच्या बारीक नळ्या म्हणजे स्ट्रॉ, द्रव नायट्रोजनची वाफ, मग उणे 196 अंशांत बुडी.

वितळवल्यावर मायक्रोस्कोपखाली पळणारे शुक्राणू बघून हुरळायचं नाही, हे मला फ्रुक्टोज-सायट्रेटच्या पातळ द्रावणानं शिकवलं. पटल शाबूत असेल तर पाणी आत शिरतं, पटल फुगतं आणि शेपूट गुंडाळते. फाटकं असेल तर शेपूट सरळच राहते. न धुतलेल्या नमुन्यांत सरळ शेपट्या जास्त होत्या. त्यातले काही नमुने नुसत्या हालचालीवर सहज पास झाले असते.

प्रबंध मंजूर झाला. तरी स्ट्रॉ चांगली म्हणजे शेळी गाभण, असं नाही. शेळीच्या गर्भाशयमुखातल्या वळ्यांमुळे रेतनाची गन नीट आत जात नाही, आणि वीर्य अलीकडेच पडलं तर गाभण राहण्याचं प्रमाण घटतं. हा प्रश्न माझ्या प्रबंधात नव्हता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिला तोच विचारला.