केळीच्या पानावरची माघवारी

माघ वद्य एकादशी गाठायला आमच्या यावल-रावेरकडच्या दिंड्या मुक्ताईकडे निघतात. कोथळी, मेहूण, मग महाशिवरात्रीला चांगदेव. वाट सगळी केळीतून, पण वारकऱ्यांची पंगत मात्र प्लास्टिक चढवलेल्या पत्रावळीवर. 2018 पासून राज्यात थर्माकोलची ताटं बंद आहेत. नाल्याच्या काठावर मात्र ती दिसतच असतात.

यंदा वाटेतल्या एका गावानं हे मनावर घेतलं. पोरांनी पानं कापून ठेवली होती. बागेत घड उभा असेल तर शेतकरी पानाला हात लावू देत नाही, आणि ते बरोबरच आहे. घड त्या पानांवरच पोसतो. म्हणून घड उतरवलेल्या बागा शोधायच्या, त्यातही करप्यानं डागाळलेली पानं टाकायची. उरलेली जाळावर जरा शेकली की चिरत नाहीत. पंगतीच्या तोंडाशी उभी एक आजी प्रत्येकाला बजावत होती, "आपला पेला काढा भो, कागदाचा भेटनार नही!"

वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. वरण पानावरून पळतं, त्याला बट्टी कुस्करून बांध घालायचा. शेजारचे बाबा म्हणाले, "नाल्याला घातला तसाच." गावानं खरंच नाला खोल करून त्यावर बांध घातले आहेत. सातपुड्याच्या पायथ्याचा हा पट्टा गोट्या-वाळूचा, पाणी अडलं तर चटकन जिरतं. केळीसाठी आम्ही बोअर खोल-खोल नेत राहिलो. जमिनीत पाणी परत भरायचं सुचायला फार वर्षं गेली. उष्टी पानं खताच्या खड्ड्यात गेली, पंगतीची जागा झाडून झाली आणि आम्ही निघालो.

चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम म्हणजे आता हतनूर धरणाचा फुगवटा. पाणी तिथं थबकतं, त्यामुळे काठावर टाकलेलं वाहून जात नाही, तिथंच सडतं. बाया पाण्यात दिवे सोडतात. आमच्या दिंडीतल्या बायांनी दिव्याखाली ठेवायला केळीच्या खांबाच्या सोपटाचे, म्हणजे खांबाच्या सालीचे, तुकडे आणले होते. सोपट मस्त तरंगतं, आणि कापणीनंतर बांधावर त्याचे ढीगच पडलेले असतात! दोन दिंड्यांनी मागून नेले. तिसरीचे महाराज म्हणाले, द्रोण आधीच विकत घेतलेत, ते संपवू.

पाण्याच्या पाउचचं तेवढं राहिलं. ते वाटणारे दाते मोठे लोक, त्यांना सांगायला कोणी पुढे होत नाही. पुढच्या माघीआधी दिंडीच्या बैठकीत विषय काढायचं ठरलंय, आजीला सोबत घेऊन.