प, फ, ब, भ, म

फोनवर वेळ मागणाऱ्या बाईंचं बोलणं ऐकून आमच्या रिसेप्शनिस्टला वाटलं, कुणीतरी दातांच्या डॉक्टरकडून भूल घेऊन थेट फोन लावलाय. ती साधेपणानं म्हणाली, "मॅडम त्वचेच्या डॉक्टर आहेत, दातांचं काम असेल तर शेजारी दवाखाना आहे." पलीकडून रडण्याचा आवाज आला. तिनं फोन मला जोडून दिला. घटस्थापनेचा दिवस होता, दुपारी दवाखाना रिकामाच असणार होता. मी त्यांना लगेच बोलावून घेतलं.

(त्यांच्या परवानगीनंच हे लिहिते आहे. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.)

त्या मास्क लावून आल्या. पस्तिशीच्या आतबाहेर. आमच्या शहरातल्या मैफिलींचं, पुस्तक प्रकाशनांचं, लग्नातल्या संगीत संध्येचं निवेदन करतात. मास्क काढून त्या खुर्चीत गप्प बसल्या तेव्हा मला काहीच वावगं दिसलं नाही. वरच्या ओठाची कड किंचित बाहेर वळलेली, मधली महिरप रेखीव. काम छान झालंय, असंच कुणीही म्हणालं असतं. मग त्या बोलल्या.

"डॉक्टर, फाणी फिताना सांडतं. आणि मला फ म्हणता येत नाही." त्यांना प म्हणायचं होतं.

नऊ दिवसांपूर्वी एका स्टुडिओत त्यांनी लिप फ्लिप करून घेतलं होतं. हसताना वरचा ओठ आत वळून दिसेनासा होतो, स्टेजवरच्या प्रत्येक फोटोत तसाच दिसतो, हे त्यांना कॉलेजपासून खुपत होतं. दिवाळीच्या आधी करून घ्यावं म्हणून गेल्या. पाच मिनिटांचं काम, कुणाला कळणारही नाही, असं सांगितलं गेलं. औषध कोणतं, किती युनिट दिलं, हे त्यांना माहीत नव्हतं. पावतीवर फक्त पॅकेजचं नाव आणि रक्कम. आणि तुम्ही काम काय करता, हे कुणी विचारलं नाही. हे त्यांनी सांगितलं तेव्हा मला खरंच संताप आला, आणि तो अजूनही गेलेला नाही.

ओठ भरीव करायचे तर फिलर भरतात; त्यानं आकारमान वाढतं. लिप फ्लिपमध्ये ओठात काहीच भरलं जात नाही. तोंडाभोवती एक स्नायू आहे, बटव्याच्या नाडीसारखा. तो आवळला की ओठ मिटतात, चंबू होतो, शीळ वाजते. वरच्या ओठाच्या कडेला बोटुलिनम टॉक्सिनचे (बोटॉक्स म्हणतात ते) अगदी थोडे थेंब दिले की तिथले वरवरचे तंतू सैलावतात आणि ओठाचा गुलाबी भाग जरासा बाहेर वळतो. साधारणपणे एकूण चार ते सहा युनिट. शंभर युनिटच्या बाटलीत अडीच मिली सलाईन घातलं, तर चार युनिट म्हणजे ०.१ मिली. एवढ्याशा औषधात ओठ सुंदर दिसतो, आणि त्याहून थोडंसं जास्त गेलं की तो मिटायचा थांबतो.

मी त्यांना गाल फुगवायला सांगितलं. हवा फुस्सकन निसटली. स्ट्रॉ दिली, ती ओठांत ठरेना. हसायला सांगितलं, तर खालचा ओठ उजवीकडे नेहमीसारखा खाली गेला आणि डावीकडे तिथंच राहिला. म्हणजे औषध खालच्या ओठातही गेलं होतं आणि डावीकडच्या ओठ खाली ओढणाऱ्या स्नायूपर्यंत पोचलं होतं. "हो, बॅलन्ससाठी थोडं खालीफण दिलं," त्या म्हणाल्या. मग मी वर्गातल्या बाईंसारखं ओष्ठ्य वर्णांची ओळ म्हणायला सांगितलं. प चा फ़ झाला, भ चा व्ह. ब घोगरा, अर्धवट. म तेवढा बरा, कारण त्यातली हवा नाकातून जाते, ओठांवर दाब पडत नाही.

यावर उतारा द्या, म्हणाल्या. फिलर चुकलं तर विरघळवायचं इंजेक्शन असतं, हे त्यांनी वाचलं होतं. इथं तसं काही नाही. हे औषध मज्जातंतूच्या टोकात शिरून तिथलं एक प्रथिन तोडतं, त्यामुळे स्नायूला आवळण्याचा निरोपच मिळत नाही. ते टोक पुन्हा कामाला लागेपर्यंत थांबावं लागतं. ओठावरचा परिणाम बहुधा दोन-तीन महिन्यांत पूर्ण जातो आणि सहा-आठ आठवड्यांपासून ओसरायला लागतो. पण दोन आठवडे होईपर्यंत तो वाढतच असतो. म्हणजे अजून थोडं बिघडणार होतं, आणि ते मला त्यांना तोंडावर सांगावं लागलं. "मग उजवीकडेही द्या, निदान हसणं सारखं होईल," त्या म्हणाल्या. कपाळ किंवा भुवई असती तर असा विचार केलाही असता. इथं अजून एक स्नायू ढिला करणं म्हणजे बोलणं आणखी बिघडवणं. मी स्पष्ट नाही म्हटलं.

कार्यक्रम होता दिवाळी पहाटेचा. जवळजवळ एका महिन्यावर.

या औषधाचा इतिहास मी पेशंटना सहसा सांगत नाही, घाबरतात. त्यांना सांगितला, कारण त्यांनीच विचारलं की असलं औषध निघालंच कसं. डिसेंबर १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एलेझेल नावाच्या गावात एका अंत्यविधीला वाजवायला आलेल्या बँडमधल्या वादकांनी खारवलेलं डुकराचं मांस खाल्लं आणि ते आजारी पडले. बोलता येईना, गिळता येईना. तिघे दगावले. त्या मांसातून एमिल व्हान एर्मेंगेम यांनी हे विष तयार करणारा जिवाणू पहिल्यांदा वेगळा काढला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या अॅलन स्कॉट यांनी तेच विष अत्यल्प मात्रेत तिरळेपणावर वापरलं आणि १९८९ मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. भुवयांमधल्या आठ्यांसाठी २००२ मध्ये. ओठांसाठी अशी मान्यता अजूनही नाही. तिथं सगळी भिस्त देणाऱ्याच्या अभ्यासावर आणि हातावर असते. त्या वादकांची गोष्ट ऐकून त्या बराच वेळ गप्प होत्या. "म्हणजे तोंडावर फोट असलेलीच माणसं," एवढंच म्हणाल्या.

माझी एक मैत्रीण स्पीच थेरपिस्ट आहे. तिला फोन लावला. तिचं उत्तर मला सुचलंच नसतं. चेहऱ्याच्या स्नायूंचा जन्मजात लकवा असलेली मुलं ओठ मिटू शकत नाहीत, तरी बोलतात. खालचा ओठ वरच्या दातांना टेकवून ती प आणि ब काढतात. शब्दभ्रमकारही ओठ न मिटताच बोलतात. अर्धवटराव बोलत असताना रामदास पाध्ये यांच्या ओठांकडे आपण सगळ्यांनीच लहानपणी डोळे ताणून पाहिलेलं आहे. मैत्रिणीनं दुसऱ्याच दिवशी सराव सुरू करून घेतला. खालचा ओठ दातांखाली, मग दाब, मग सोडायचं. म दोन-तीन दिवसांत बसला, ब त्यानंतर. प ला फार वेळ लागला. माइक तोंडासमोर धरायचा नाही, गालाच्या बाजूनं तिरका धरायचा, म्हणजे निसटणारी हवा त्यात फुसफुसत नाही, हेही तिनंच सांगितलं.

एका संध्याकाळी त्या निवेदनाची वही घेऊन आल्या आणि आम्ही दोघी ती दुरुस्त करत बसलो. माझ्या नोकरीत असं काम पूर्वी कधी आलं नव्हतं. "प्रिय रसिकहो" मधला प्रिय काढला. "पेश करत आहोत" चं "सादर करत आहोत" झालं. पेटीवर कोण, याऐवजी संवादिनीवर कोण. बासरीचा वेणू केला, मग फारच नाटकी वाटला म्हणून पुन्हा बासरी. तबल्याला पर्याय नव्हता. भूपाळीलाही नव्हता, आणि भूपाळीशिवाय दिवाळी पहाट कसली? तो शब्द त्यांनी एकटा ठेवला, आधी छोटा विराम घेऊन, घाई न करता म्हणता यावा म्हणून. वही मिटताना माझ्या लक्षात आलं की त्यांनी प्रत्येक ओळीवर पेन्सिलीनं श्वासाच्या खुणा केल्या होत्या, आणि त्या या अपघाताच्या कितीतरी आधीपासूनच्या होत्या. इतकं बारकाईनं काम करणाऱ्या बाईला कुणी "काम काय करता" एवढंही विचारू नये!

कार्यक्रमाला मी गेले. पहाटेचे साडेपाच, मैदानावर सतरंज्या, थंडी बऱ्यापैकी. तोवर पाच आठवडे होऊन गेले होते, स्ट्रॉ जमायला लागली होती, शीळ नाही. "दिवाळी पहाट" त्यांनी स्वच्छ म्हटलं. भूपाळीचा भ एकदा निसटला. त्या थांबल्या, तो शब्द पुन्हा म्हणाल्या आणि पुढे गेल्या. माझ्या शेजारच्या आजोबांना काही कळलं नाही, ते डोळे मिटून बसले होते.

जानेवारीत ओठ पूर्ववत झाले. आणि मग त्यांनी मला विचारलं, "तुम्ही कराल का?"

माझ्या काही सहकाऱ्यांना हे ऐकूनच पटलं नाही. इतकं सोसल्यावर परत? मला मात्र त्यात चूक दिसत नाही. स्टेजवर उभ्या राहणाऱ्या बाईला आपलं हसू फोटोत दिसावंसं वाटतं, ही हौस काही वाईट नाही. हौसेची शिक्षा तिनं का भोगावी? मी पूर्ण कल्पना दिली: कमी मात्रेतही थोडे दिवस शीळ, स्ट्रॉ, एखादा प अडखळू शकतो. त्यांना ते मान्य होतं. फक्त मी तारीख माझ्या सोयीनं दिली. लग्नसराई संपून गणपतीच्या कार्यक्रमांची तयारी सुरू व्हायच्या आधी, जूनमध्ये. वरच्या ओठाच्या मध्यावर, महिरपीच्या दोन्ही टोकांना एकेक युनिट, बस. दोन आठवड्यांनी पाहून मग आणखी दोन युनिट बाजूला. खालच्या ओठाला हात लावला नाही.

उपचाराआधी आम्ही फोटो काढतोच: शांत चेहरा, हसरा, चंबू. त्यांच्यापासून एक गोष्ट वाढवली. प्रत्येक ओठाच्या पेशंटला एकच परिच्छेद वाचायला लावून आवाज ध्वनिमुद्रित करते, आधी एकदा आणि दोन आठवड्यांनी एकदा. परिच्छेद त्यांनीच लिहून दिला आहे. त्यात पंढरपूर आहे, बाभूळ आहे, फणस, भोपळा, मामा, पापड सगळं आहे, आणि पहिल्यांदा वाचताना पेशंट हमखास हसतात. त्या हसण्यातच वरचा ओठ किती आत वळतो तेही मला दिसतं. आणि अर्जावर, अॅलर्जी आणि गरोदरपण यांच्याही वर, पहिला प्रश्न आहे: तुमच्या कामात तोंडाचा वापर कसा होतो? गेल्या महिन्यात एका मुलानं तिथं "क्लॅरिनेट" असं लिहिलं. त्याला मी लिप फ्लिप केलं नाही.